फुगा आणि भाव



आम्ही हिंगोलीच्या हळद-बाजारातले संघटनेचे कार्यकर्ते. हृदयरोग शिकलो तो हमालांच्या खाटेशी बसून. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी आतून अरुंद झाली, की पोते उचलताना छातीत कळ येते. छाती न उघडता ही वाट मोकळी करणारे फुगे आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाताने घडवले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जाग्या रुग्णाच्या हृदयात त्यांनी तो प्रथम वापरला. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी न्यायची, अडलेल्या जागी टोकाचा फुगा फुगवायचा, मग मिटून काढायचा. वाट पुन्हा आवळू नये म्हणून पुढे जाळीदार स्टेंट आला.

पण त्याच्या भावाने गरिबाचा गळा आवळला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत करांखेरीज २९,६०० रुपयांवर बांधली. म्हणजे भाव ही दैवाची रेघ नव्हे. तो माणसेच ठरवतात, आणि माणसेच उतरवतात.

मित्रहो, कळ आली तर पित्त समजून पुढचे पोते उचलू नका. तडक दवाखाना गाठा. बुडालेला रोज भरून निघतो. मेलेले हृदय-स्नायू भरून निघत नाहीत.