तारेने बांधलेला साक्षीदार

एखाद्या कवीने मोटारसायकलला बसवायच्या कॅमेऱ्यावर भाषण द्यावे, हे ऐकून काहींना हसू येईल. पण घरातला तरुण मुलगा नोकरीसाठी रोज मिरजेहून कोल्हापूरला दुचाकीवरून जातो म्हटल्यावर बापाला वृत्त आणि मात्रांच्या पलीकडचेही काही शिकावे लागते. गेल्या वर्षी आम्ही त्याच्या गाडीला पुढे एक आणि मागे एक असा कायम जोडलेला कॅमेरा बसवला. तो निवडताना जे समजले, ते आज सांगतो.

आधी एक आकडा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. मोटारीतल्या माणसाभोवती निदान पत्रा तरी असतो. दुचाकीस्वार थेट डांबरावर पडतो आणि पुष्कळदा बोलण्याच्या स्थितीतही नसतो. मग त्याची बाजू कोण सांगणार?

माझ्या पुतण्याला एका टेम्पोने वळताना धडक दिली. टेम्पोने वळण्याआधी दिवा दाखवला नव्हता, असे पुतण्या म्हणतो. दाखवला होता, असे चालक म्हणतो. पाच मिनिटांत माणसे जमली. रस्त्यावरचा पंचनामा पोलिस यायच्या आधीच होत असतो. कुणीतरी नाव विचारले. नाव सांगितल्यावर दोघातिघांचा सूर बदलला आणि "ही पोरं गाड्या अशाच पळवतात" असा निकालही लागला. त्याच गर्दीतल्या एका दूधवाल्याने त्याला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेले, हेही सांगितलेच पाहिजे. समोरच्या दुकानात कॅमेरा होता, पण आम्ही विचारायला गेलो तोवर त्यावर नवे चित्रण चढले होते. पुतण्याचा पाय बरा झाला. खरे काय घडले, हे मात्र आजही दोघांच्या शब्दांवरच लटकलेले आहे.

गुन्हेगार वाहन सापडण्याला पैशाचाही अर्थ आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये अशी ठरावीक भरपाई मिळते. वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे माणसाचे वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे, हे सगळे मांडता येते. नंबरपाटीवरच्या चार आकड्यांवर एखाद्या घराची पुढची पंधरा-वीस वर्षे ठरू शकतात.

आता निवडीकडे वळू. हेल्मेटवर लावायचा कॅमेरा मुलाला आवडला होता. पण तो रोज चार्ज करावा लागतो, आठवणीने चालू करावा लागतो. घाईच्या सकाळी माणूस डबा विसरतो, तिथे कॅमेऱ्याचे काय! साक्षीदाराला ऐनवेळी बोलावून आणता येत नाही, तो आधीपासून तिथे हजर असावा लागतो. म्हणून आम्ही गाडीच्या बॅटरीला जोडलेला कॅमेरा घेतला. किल्ली फिरवली की तो चालू आणि किल्ली काढली की बंद.

याची जोडणी समजून घ्या. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. कॅमेऱ्याला बहुधा ५ व्होल्ट लागतात, म्हणून मधे दाब कमी करणारी छोटी डबी असते. तारा तीन. एक थेट बॅटरीवर, दुसरी किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या वायरवर आणि तिसरी अर्थिंगची. कोणत्या रंगाची तार कुठे, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. आमचा वायरिंगवाला म्हणाला, "चाचा, रंगावर भरवसा ठेवू नका, टेस्टरवर ठेवा." बॅटरीजवळ फ्यूज हवाच. गाडीची मूळ वायरिंग शक्यतो कापू देऊ नका, वॉरंटीच्या वेळी त्यावरून वाद होतो. तार टाकीखालून न्यावी, सायलेन्सरपासून लांब ठेवावी आणि हँडलच्या मानेपाशी थोडी ढिली सोडावी, नाहीतर वळवून वळवून ती तिथेच तुटते.

गाडी उभी असतानाही राखण करणारी सोय काही कॅमेऱ्यांत असते. मोटारीला ती ठीक आहे. पण आपल्या लहान मोटारसायकलींची बॅटरी चार-पाच अँपिअर-तासांची. कॅमेऱ्याने ०.२ अँपिअर जरी ओढले, तरी पाचाची बॅटरी पंचवीस तासांत रिकामी होईल, आणि त्याच्या कितीतरी आधी स्टार्टर रुसेल. ही सोय घ्यायचीच असेल, तर व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की पुरवठा तोडणारी डबी घ्या. आम्ही ती सोय बंद ठेवली.

पावसासाठी भिंगावर 'आयपी ६७' ही खूण पाहावी. धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी चालते, असा तिचा अर्थ. मात्र सर्व्हिसिंगच्या वेळी जोरदार फवारा मारतात, त्याची हमी या खुणेत नसते. मुख्य पेटी सीटखाली बसते. तिच्यात लिथियमच्या छोट्या बॅटरीऐवजी कपॅसिटर असेल तर बरे, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लिथियमचे आयुष्य लवकर सरते.

भिंग फार रुंद दाखवणारे असले की रस्ता सगळा दिसतो, पण नंबरपाटी मुंगीएवढी होते. १२० ते १४० अंश पुरेत. जाहिरातीतली दुपारची चित्रे पाहून भुलू नका. समोरून दिव्यांचा झोत येत असताना पाटी वाचता येते का, हे रात्रीच्या चित्रणातच समजते. तेच दाखवायला सांगा.

कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचे घ्यावे, कारण त्यावर सतत लिहिले-पुसले जाते. दोन्ही कॅमेऱ्यांचे मिळून सेकंदाला ३ मेगाबाइट धरले, तर ६४ गीगाबाइटचे कार्ड सहा तासांत भरते आणि जुने पुसून नवे लिहिणे सुरू होते. धक्का बसला की तेवढा भाग पुसू न देण्याची सोय असते. पण आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा हा तिला अपघातच वाटतो, आणि जपलेल्या खड्ड्यांनीच कार्ड भरून जाते! म्हणून तिची संवेदनशीलता कमी ठेवावी आणि हँडलवरचे बटण दाबून हवा तो भाग राखायची सवय करावी. घड्याळ बरोबर आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. तारीख चुकीची असली की खऱ्या चित्रावरही शंका येते.

न्यायालयाचे म्हणाल, तर या विषयावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात झाला आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले, तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे. म्हणून अपघातानंतर आधी जखमी माणसाला पाहा आणि नंतर गाडीची किल्ली बंद करून कार्ड काढून जपा. ते कापू-छाटू नका. मोबाइलवर फिरत आलेली प्रत आणि मूळ कार्ड यांत फार अंतर आहे.

एका मुद्द्यावर घरात वाद झाला. जीपीएस असलेल्या कॅमेऱ्यात चित्राच्या कोपऱ्यात वेगही उमटतो. मुलगा म्हणाला, "अब्बा, तेवढं बंद ठेवू. उद्या आपल्यावरच उलटेल." त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग चालवतानाच नीट चालव की." मीही तेच म्हणालो. आपल्या बाजूनेच बोलणारा तो साक्षीदार नव्हे, वकील झाला. ज्या गर्दीने माझ्या पुतण्याचा निकाल त्याच्या नावावरून लावला, तिच्यापुढे मला असा साक्षीदार हवा आहे की ज्याला कुणाचेच नाव ठाऊक नाही, माझ्या मुलाचेही नाही आणि टेम्पोवाल्याचेही नाही. वेग चालूच राहिला. मुलगा आता पंधरा मिनिटे लवकर निघतो.

आवाजाची नोंद मात्र आम्ही बंद केली. मागे बसलेल्या माणसाचे बोलणे त्याचे स्वतःचे आहे. तसेच रस्त्यात कुणी घसरले, कुणी भांडले, याची चित्रे मित्रांना पाठवायची नाहीत, असेही घरात ठरले आहे. ते कार्ड पोलिसांना, विमावाल्यांना किंवा न्यायालयाला लागले तरच बाहेर काढायचे. एरवी दर सहा तासांनी ते आपले आपण सगळे विसरते, आणि ते कार्ड बाहेर काढायची वेळ कधीच न येवो, एवढीच आमची इच्छा आहे.