यंत्राला करमाफी, मग हातांना काय?

(बंगलोर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)

साथींनो,

विक्रीकर हा व्यापाऱ्यांचा विषय, त्याच्याशी आपला संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. पण तेल, साबण, चपला घेताना हा कर आपणच भरत आलो. आपल्याला कुणी माफी दिली नाही. सवलत मिळाली ती कारखान्याच्या यंत्रांना.

१९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याखाली नोंदलेला कारखानदार परराज्यातून यंत्रसामग्री आणताना 'सी फॉर्म' देई. त्यावर बरीच वर्षे ४ टक्केच कर लागे. रेल्वे, टपाल यांसारख्या सरकारी खात्यांच्या खरेदीसाठी 'डी फॉर्म' होता. १ एप्रिल २००७ पासून 'डी फॉर्म' बंद झाला. 'सी फॉर्म'चा दर मात्र ३ टक्के, आणि २००८ मध्ये २ टक्के झाला. सवलत कुणाची गेली आणि कुणाची वाढली, हे आपणच पाहा.

यंत्रावरचा कर कमी करण्याला आमचा विरोध नाही. यंत्रावर भरलेला कर मालाच्या किमतीत चढतो, मग त्या किमतीवर पुन्हा कर बसतो. हा करावरचा कर शेवटी गिऱ्हाईक भरते. २०१७ पासून जीएसटीत यंत्रावरचा कर पुढील करातून वजा करता येतो, हे रास्तच आहे.

आमचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर कारखाने जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. हेतू चांगला होता. पण १९९३ च्या योजनेत विक्रीकर सवलतीची मर्यादा जमीन, इमारत व यंत्रे यांतील गुंतवणुकीच्या टक्केवारीने ठरे. यंत्र जितके महाग, तितकी सवलत मोठी! हजेरीपटावर नावे किती, यावर तो आकडा ठरत नव्हता.

कारखाने ओढून आणण्यासाठी राज्याराज्यांत चढाओढ लागली आणि तिजोऱ्या आटल्या. अखेर नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत १ जानेवारी २००० पासून अशा नव्या सवलती बंद करण्याचे ठरले. तरी दुसरे दार उघडलेच. महाराष्ट्राच्या २०१९ च्या योजनेत राज्याच्या जीएसटीच्या हिशेबाने उद्योगांना अनुदान ठेवले गेले.

साथींनो, हा पैसा आपला आहे. आणि आपलीच मुले पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराकडे राबतात. म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. सवलतीच्या करारात कायम नोकऱ्यांची संख्या लिहा. कुणाला किती रक्कम सोडली, ते दरवर्षी जाहीर करा. मुदतीपूर्वी कारखाना बंद केला, तर ती रक्कम वसूल करा.

प्रत्येक शाखेने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या जिल्हा उद्योग केंद्राकडे अर्ज करावा. सवलत किती आणि कायम कामगार किती, एवढेच विचारावे. उत्तरे हाती आली, की पुढची सभा त्या आकड्यांवर घेऊ.

कामगार एकजुटीचा विजय असो!