बालवर्गांतील पोलिस

बहुरूपी आपण पाहिला असेल. अंगांत खाकी पोशाख, कमरेला रुंद पट्टा, हातांत दंडुका. दारांत उभा राहून तो यजमानांना दरडावतो, न केलेल्या गुन्ह्याचा दंड मागतो, आणि शेवटीं हात जोडून मिळेल ती बिदागी घेऊन पुढच्या दाराशीं जातो. घरांतलीं मुलें प्रथम आईच्या पदराआड दडतात आणि मग सर्वांत मोठ्यानें तींच हंसतात. त्या हंसण्याचें कारण उघड आहे. पोशाख पोलिसाचा असला तरी आंतला माणूस पोलिस नाहीं. त्याच्या हातीं कसलीहि सत्ता नाहीं. आतां हीच गोष्ट उलटी करून पाहा. आंतला माणूस खरा पोलिस आहे, त्याच्याजवळ खरें पिस्तूल आहे, आणि वेष मात्र त्यानें बालवर्गाच्या मास्तरांचा घेतला आहे. मग हंसूं येईल काय? आणि आलेंच तर तें निर्धास्तपणें येईल काय? एका अमेरिकन विनोदी चित्रपटाच्या प्रेक्षकांत याच प्रश्नावरून तट पडले. त्यांची हकीकत आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे.

‘किंडरगार्टन कॉप’ हा तो चित्रपट. १९९० सालच्या डिसेंबर महिन्यांत तो प्रथम दाखविला गेला. दिग्दर्शक आयव्हन राइटमन, आणि नायकाच्या भूमिकेंत आर्नोल्ड श्वार्झनेगर. हा नट मूळचा ऑस्ट्रियाचा. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा जिंकून तो चित्रपटांत आला, आणि १९८४ सालच्या ‘टर्मिनेटर’ पासून निर्दय बाहुबल म्हणजे श्वार्झनेगर असें समीकरणच प्रेक्षकांच्या मनांत बसलें. अशा माणसाला पांच-सहा वर्षांच्या मुलांच्या घोळक्यांत उभें करावें, एवढ्या एका कल्पनेवर या चित्रपटाचा सारा विनोद उभारलेला आहे.

कथानक थोडक्यांत असें. लॉस एंजेलिस शहरांतील जॉन किंबल हा डिटेक्टिव्ह अमली पदार्थांच्या क्रिस्प नांवाच्या व्यापाऱ्याच्या मागावर आहे. क्रिस्पची पत्नी त्याला सोडून, नांव बदलून, लहान मुलासह ऑरेगन राज्यांतील अस्टोरिया या बंदराच्या गांवीं राहात आहे. मुलगा तेथील शाळेंत बालवर्गांत जातो, इतकेंच पोलिसांना ठाऊक. तो कोणता हें ठाऊक नाहीं. किंबलच्या सहकारिणीनें शिक्षिका होऊन शाळेंत शिरावें असा बेत ठरतो, पण ऐन वेळीं तिचें पोट बिघडतें आणि तें काम किंबलच्या गळ्यांत पडतें. पहिल्याच दिवशीं वर्गाची अशी दाणादाण उडते कीं, गुन्हेगारांना कांपरें भरविणारा हा पुरुष पार थकून जातो. तो ओरडतो, तेव्हां मुलें भोकाड पसरतात. शेवटीं तो आपल्या पोलिसी विद्येला शरण जातो. गळ्यांत शिट्टी अडकवितो, मुलांना रांगेंत उभें करतो, त्यांच्याकडून कवाईत करवितो. आणि वर्ग ताळ्यावर येतो. पुढें क्रिस्प व त्याची आई शाळेंत येऊन थडकतात, आग लागते, गोळ्या सुटतात, क्रिस्प मारला जातो, किंबल जखमी होतो. बरा झाल्यावर तो पोलिसखातें सोडून त्याच शाळेंत कायमचा मास्तर होतो.

चित्रपटानें जगभर सुमारें २० कोटी डॉलर मिळविले. तथापि तेव्हांहि सर्वांचें समाधान झालें होतें असें नाहीं. बालवर्गाचा गोड विनोद आणि गुन्हेगारीची कडू कथा एकाच भांड्यांत कालविल्यानें दोहोंची चव गेली, असें कांहींचें म्हणणें पडलें. अमेरिकेंतील वर्गवारीप्रमाणें तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारी खूण या चित्रपटाला मिळाली. म्हणजे जाहिरातींत नायकाभोंवतीं जीं चिमुकलीं मुलें झळकत होतीं, त्यांच्या वयाच्या प्रेक्षकांनीं हा चित्रपट पाहावा किंवा नाहीं याचीच शंका होती! पण हा वाद अभिरुचीचा होता. खरा वाद तीस वर्षांनीं पेटला.

२०२० सालीं साथीमुळें चित्रगृहें बंद होतीं. ऑरेगन राज्यांतील पोर्टलंड शहरीं ‘नॉर्थवेस्ट फिल्म सेंटर’ या संस्थेनें ऑगस्ट महिन्यांत मोकळ्या मैदानावर, मोटारींत बसूनच पाहावयाच्या चित्रपटांची एक मालिका योजिली. तिचा आरंभ ‘किंडरगार्टन कॉप’ नें व्हावयाचा होता. चित्रपटाला तीस वर्षें होत होतीं आणि त्याचें कांहीं चित्रण त्याच राज्यांत, अस्टोरियांत झालेलें होतें. तेव्हां निवड स्वाभाविकच होती. परंतु वेळ साधी नव्हती. २५ मे रोजीं मिनिआपोलिस शहरांत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णी गृहस्थाचा पोलिसाच्या गुडघ्याखालीं मृत्यु झाला होता. पोर्टलंडच्या रस्त्यांवर रात्रीमागून रात्र निषेधाचे मोर्चे निघत होते. तेथील सार्वजनिक शाळांनीं जून महिन्यांतच शाळांत नेमलेल्या पोलिस अधिकाऱ्यांना निरोप दिला होता. अशा वेळीं एका स्थानिक लेखिकेनें जाहीर आक्षेप घेतला कीं, शाळेंत पोलिस असणें ही मनोरंजनाची गोष्ट नव्हे. संस्थेनें चित्रपट मागें घेतला आणि त्याच्या जागीं नागरी हक्कांच्या लढ्यांतील पुढारी जॉन लुइस यांच्यावरील माहितीपट दाखविला. लुइस यांना निवर्तून तेव्हां महिनाहि झाला नव्हता.

यावर दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें असें: शाळेंत पोलिस ठेवण्याची चाल अमेरिकेंत जुनी असली तरी १९९९ सालीं कोलंबाइनच्या शाळेंत दोघा विद्यार्थ्यांनीं गोळीबार केला, त्यानंतर ती फार फोफावली. पोलिस आले बंदूकवाल्यांना अडविण्यासाठीं. पण तसे प्रसंग विरळा आणि मुलांचा दंगा रोजचा. मग एके काळीं ज्या खोडीबद्दल मास्तर बाकावर उभें करीत, तिच्याबद्दल मुलाला बेड्या पडूं लागल्या; आणि त्यांत कृष्णवर्णी मुलांचें प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानानें पुष्कळच अधिक. ज्या घरांतला मुलगा असा पकडला गेला आहे, त्या घरच्यांना शिट्टीवर कवाईत करणारा बालवर्ग पाहून हंसूं कसें यावें?

दुसरा पक्ष म्हणतो: अहो, हा विनोद आहे! पोलिसाची थोरवी यांत गायिली नाहीं, उलट त्याची फजिती केली आहे. दंडाच्या जोरावर जग जिंकणारा माणूस दूध पिणाऱ्या पोरांपुढें हात टेकतो, यांत सत्तेची स्तुति कोठें आहे? आणि अखेर तो बिल्ला टाकून खडू हातीं घेतो. अशा चित्रपटालाहि बंदी, तर मग हंसावयाचें तरी कशाला?

याशिवाय एक तिसरा वर्ग आहे. तो वादांत शिरत नाहीं, पण चित्रपट मात्र पूर्वींसारखा पाहूं शकत नाहीं. २०१२ सालीं सँडी हूकच्या प्राथमिक शाळेंत सहा-सात वर्षांचीं २० मुलें आणि ६ मोठीं माणसें मारलीं गेलीं. २०२२ सालीं टेक्सास राज्यांतील युवाल्डी येथें १९ मुलें व २ शिक्षिका प्राणास मुकल्या. आणि तेथें तर आलेले पोलिस ७० मिनिटांहून अधिक काळ वर्गाबाहेर खोळंबले होते. १९९० सालीं शाळेच्या इमारतींतली गोळी ही चित्रपटांतली गोळी होती. आज ती तशी राहिली नाहीं. चित्रपटाची एकहि चौकट बदललेली नसतां तो असा बदलून गेला आहे.

या मतभेदाचें मर्म एका दृश्यांत सांपडतें. वर्गांतल्या एका मुलाच्या अंगावर माराचे वण आहेत. त्याचा बाप भेटतो तेव्हां किंबल त्याला ठोसा लगावतो. मुख्याध्यापिका हें पाहतात, आणि रागावण्याऐवजीं त्याला मारतांना कसें वाटलें, असें मोठ्या उत्सुकतेनें विचारतात. प्रेक्षकांतून येथें टाळ्या पडतात, आणि टाळ्या देणाऱ्यांना दोष देणें कठीण आहे. मुलाच्या बाजूनें कोणी तरी उभें राहिलें, हाच त्या टाळ्यांचा अर्थ. पण शेजारच्या खुर्चींतला दुसरा प्रेक्षक गप्प बसतो. कायद्याच्या रक्षकानें कायदा बाजूला सारून हात उचलला आणि शाळेच्या प्रमुखानें त्याचें कौतुक केलें, हें त्याला दिसतें. दोघांनीं एकच दृश्य पाहिलें आणि दोघांनींहि खरेंच पाहिलें. पोलिसाचा हात आजवर आपल्या संरक्षणासाठीं उठला कीं आपल्यावर उठला, या अनुभवावरच हंसूं येणें न येणें अवलंबून असतें.

एवढ्यावर मी थांबलों असतों. पण मध्यंतरीं आमच्या घरीं हा चित्रपट पाहण्यांत आला. वहिनींनीं तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें आहे. शिट्टीचा प्रसंग पाहून त्या म्हणाल्या, “शिट्टीनें मुलें रांगेंत येतात हो, पण अक्षरें कांहीं शिट्टीनें येत नाहींत.” पुतण्या म्हणाला, “काकू, तुम्ही विनोदाला तपासणीस बसवितां.” आणि आमचा सात वर्षांचा नातू, त्याला शेवटच्या मारामारीच्या आधींच निजावयास पाठविलें, तो जातां जातां म्हणाला, “पण आपण पोलिस आहों हें मास्तरांनीं मुलांना सांगितलें कां नाहीं?”

या प्रश्नाला आमच्यापैकीं कोणाहिजवळ उत्तर नव्हतें. चित्रपटांत किंबल मुलांशीं एक खेळ खेळतो. प्रत्येकानें आपले वडील कोण व ते काय करतात हें सांगावयाचें. मुलें एकेक मजेदार उत्तर देतात आणि आपण पोट धरून हंसतों. पण हा खेळ नाहींच. ही जबानी आहे! मूल मास्तरांना सांगत आहे आणि ऐकत आहे पोलिस. शाळा चालते ती एका विश्वासावर. मूल बाईंजवळ जें बोलतें, घरीं काय झालें, डबा कां आणला नाहीं, वडील रात्रीं कां ओरडले, तें त्याच्याच भल्यासाठीं ऐकलें जाईल, असा तो विश्वास असतो. मास्तरांचा कान पोलिसाचा झाला कीं तो मोडतो. येथें पोलिसाचा हेतु चांगला आहे. तो मुलाला वांचवावयासच आला आहे. तरीहि कान बदललेला आहे, आणि तें मुलांना ठाऊक नाहीं.

पोर्टलंडच्या आक्षेपकांना जें सलत होतें तें मला या ठिकाणीं उमगलें. तेथील शाळांतले पोलिस वेष पालटून आलेले नव्हते. गणवेषांत उघड वावरत होते. तरी परिणाम तोच. मुलानें वर्गांत केलेला गुन्हा वर्गांत राहिला नाहीं. तो ठाण्याच्या कागदावर गेला. म्हणून त्यांचें दुखणें मला खोटें वाटत नाहीं.

पण चित्रपट मागें घेण्यानें तें दुखणें हलकें झालें, असेंहि मला वाटत नाहीं. कारण त्याच दुखण्यावरचें उत्तर या खेळकर कथेच्या पोटांत आहे, आणि तें पाहावयाची संधीच गेली. किंबलला शेवटीं दोहोंपैकीं एक सोडावें लागतें. बिल्लाहि ठेवीन आणि बालवर्गहि ठेवीन, असें तो म्हणत नाहीं. लेखक-दिग्दर्शकांनीं एवढा विचार केला होता कीं केवळ गोड शेवट साधला, हें महत्त्वाचें नाहीं. गोष्टच त्यांना तेथें घेऊन गेली. एका अंगांत मास्तर आणि पोलिस दोघे सुखानें नांदूं शकत नाहींत, हें आक्षेपकांचें म्हणणें आणि चित्रपटाचा शेवट एकच आहे. दोन्ही तट एका मैदानावर मोटारी लावून बसले असते आणि चित्रपट संपल्यावर दिवे लागतांच एकमेकांशीं बोलले असते, तर कदाचित् हें त्यांच्या ध्यानांत आलें असतें.

श्रोतेहो, विनोदी चित्रपटावर इतका काथ्याकूट कशाला, असें आपल्यापैकीं कोणी म्हणेल. पण माणूस कशाला हंसतो यावरून त्याला कशाचें भय नाहीं तें कळतें. आणि शेजारी त्याच गोष्टीला हंसत नसेल, तर त्याला कशाचें भय आहे तेंहि कळतें. तो गंभीर झाला म्हणून त्याला अरसिक ठरविणें, किंवा आपण हंसलों म्हणून त्यानें आपल्याला निष्ठुर ठरविणें, हे दोन्ही आळशीपणाचे मार्ग आहेत. त्यापेक्षां त्याला विचारावें, तुम्हीं काय पाहिलें?

आमच्या नातवाला उरलेला चित्रपट अजून दाखविलेला नाहीं. तो आणखी चार-पांच वर्षांनीं दाखवूं असें ठरलें आहे. तोंपर्यंत त्याचा प्रश्न मात्र आम्हीं जपून ठेवला आहे. चित्रपट संपल्यावर त्यालाच तो पुन्हां विचारावयाचा आहे.