पदकांची यादी आणि शिपायांची हजेरी

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने 1803 ते 1826 या काळात लढलेल्या लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे चांदीचे पदक 1851 मध्ये मंजूर झाले. तोवर असईच्या लढाईला 48 वर्षे लोटली होती आणि पदकावर जिची मुद्रा आहे ती राणी व्हिक्टोरिया त्या लढाईच्या वेळी जन्मलीही नव्हती. पदकाच्या फिकट निळ्या फितीवर लढाईचे नाव असलेली आडवी पट्टी बसवीत आणि काठावर मानकऱ्याचे नाव उमटवीत; या पट्ट्यांवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी आणि कोरेगाव ही महाराष्ट्रातील नावे आढळतात.

मात्र हे पदक हयात असलेल्यांनाच, तेही मागणी केल्यावर मिळाले, आणि म्हणूनच पदकांच्या यादीला लढणाऱ्यांची हजेरी मानू नये. बहुतेक मंडळी भुकेली उठून गेल्यावर यजमानाने पाने मांडावीत, जो उरला आणि ज्याने ‘वाढा’ म्हटले त्यालाच वाढावे, आणि मागाहून कोणी पत्रावळी मोजून आमंत्रितांची संख्या सांगावी, तसा हा हिशेब आहे; या पंगतीत हिंदी शिपायांची पाने तर फारच थोडी पडली.

शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याविरुद्ध असई, अडगाव आणि गाविलगड येथे सेनापती असलेले आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, दीर्घायुषी ठरल्यामुळे तिन्ही पट्ट्यांसह पदकाचे मानकरी झाले आणि 1852 मध्ये निवर्तले. परंतु असईला त्यांच्या फौजेतील दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली होती, आणि त्यांतील मृतांच्या नावे पदक निघाले नाही. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला तुकडीचे नेतृत्व करणारे कॅप्टन स्टाँटनही 1825 मध्येच वारल्याने वगळले गेले, म्हणजे अधिकारपदही येथे उपयोगी पडले नाही. कोरेगावच्या स्तंभावर मात्र तेथे पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत; यास्तव अभ्यासकाने स्तंभ आणि पदक शेजारी ठेवूनच वाचावेत, कारण एक मृतांविषयी बोलतो आणि दुसरे केवळ वाचलेल्यांविषयी. संग्रहालयाच्या काचेआडचे पदक पाहून ‘एवढेच लढले’ असे म्हणणाऱ्यांनी हे पुन्हा ध्यानी घ्यावे, की पदकांची यादी ही हजेरी नव्हे.

समोरच्या बाजूने लढलेल्यांसाठी तर पट्टीही नव्हती आणि फीतही नव्हती. त्यांची नावे कोणत्या दप्तरांत शोधावीत, हा याहून मोठा विषय असून त्याला आजचा अवधी अपुरा आहे.