अंदाजाला मापाची जोड

(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठीत ‘मुका मार’ असा एक मोठा अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. कातडी फाटत नाही, रक्त वाहत नाही. मार लागला तेव्हा तो काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती जागा काळीनिळी होते आणि हात वर उचलवत नाही. खो-खोत गुडघ्यावर आपटलेला मुलगा, कबड्डीत पकड करताना खांदा दुखावलेला तरुण, जिन्यावरून घसरलेली गृहिणी, या साऱ्यांसाठी घरोघरी उपाय ठरलेला असे. सहाणेवर आंबेहळद उगाळली जाई, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम होई आणि घरातील वडीलधारी स्त्री पाल्याने दुखरी जागा शेकून काढी. ही विद्या जाणणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि त्या हातांबरोबर त्यांचा अंदाजही चालला आहे. ‘चार पाने घाल, चिमूटभर हळद टाक, वास सुटला की उतरव’ एवढेच सूनबाईंच्या कानी पडले. पाने केवढी, चिमूट कोणाची आणि वास कसला, हे कोणी लिहून ठेवले नाही.

न लिहिण्याची किंमत काय असते, याचा धडा हळदीनेच दिला आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग करण्यावर अमेरिकेत 1995 साली एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात अन्य देशांतील निव्वळ तोंडी चालत आलेल्या ज्ञानाला पूर्वपुरावा म्हणून स्थान नव्हते. ते कोठे तरी छापलेले असावे लागे. कोट्यवधी आजींची साक्ष तेथे निरुपयोगी होती. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि छापील लेख मिळून 32 संदर्भ सादर झाले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. पुढे 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे करण्याचे काम हाती घेण्यात आले. विजय मिळाला तो लिहिलेल्या अक्षराच्या बळावर. देशाला जे लागू आहे, तेच घरालाही लागू आहे.

वास्तविक आपली वैद्यकपरंपरा अंदाजाची कधीच नव्हती. शार्ङ्गधर संहितेत औषधी तेलाचे प्रमाण स्पष्ट सांगितले आहे. वनस्पतीचा वाटलेला गोळा, म्हणजे कल्क, 1 भाग. तेल 4 भाग आणि द्रव 16 भाग. याच प्रमाणाने घरी मलम करता येते.

निर्गुडी ओढ्याकाठी आणि शेताच्या बांधावर वाढते. पानाची तीन किंवा पाच दले, खालची बाजू पांढुरकी, फुले निळसर जांभळी आणि चुरगळल्यावर उग्र वास, ही तिची ओळख. तरीही प्रथम जाणत्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. निवडून धुतलेली 200 ग्रॅम ताजी पाने 1.6 लिटर पाण्यात उकळून, पाणी निम्मे म्हणजे 800 मिलिलिटर उरले की गाळून घ्यावे. आणखी 25 ग्रॅम पाने आणि 25 ग्रॅम आंबेहळद एकत्र बारीक वाटून कल्क करावा. रुंद, जाड बुडाच्या कढईत घाण्याचे 200 मिलिलिटर तीळतेल घेऊन त्यात हा कल्क आणि काढा घालावा व मंद आचेवर ढवळत राहावे. दोन-तीन तास लागतात. घाई केली तर कल्क करपतो आणि तेल वाया जाते.

तेल सिद्ध झाले हे कसे ओळखावे? कल्क बोटांत वळला असता त्याची वात होते. ती वात विस्तवावर धरली असता तडतड आवाज आला, तर तेलात पाणी शिल्लक आहे असे समजावे. आवाज आला नाही, तर कढई उतरवावी. या परीक्षेमागे साधे शास्त्र आहे. पाण्याचा अंश राहिला की तेलाला लवकर बुरशी धरते.

गाळलेल्या तेलातून 150 मिलिलिटर मोजून घ्यावे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात हे तेल आणि मधमाशांचे शुद्ध मेण 25 ग्रॅम एकत्र वितळवावे. विदर्भातील उन्हाळ्यात 30 ग्रॅम घ्यावे. मेणबत्तीचे मेण चालत नाही. थंड चमच्यावर एक थेंब टाकून पाहिला की घट्टपणा कळतो. मग गॅस बंद करून, मिश्रण कोमट होत आले की 4 ग्रॅम भीमसेनी कापूर विरघळवावा. कापूर पेट घेतो, म्हणून ज्योतीजवळ हे काम करू नये. आरतीच्या वड्याही वापरू नयेत. कोरड्या काचेच्या बरणीत भरून वर नाव आणि तारीख लिहावी. तीन महिन्यांत ते वापरून संपवावे आणि ओले बोट बरणीत घालू नये.

कृती जितकी महत्त्वाची, तितकीच मर्यादा महत्त्वाची. निर्गुडी आणि हळद यांच्या सूज कमी करण्याच्या गुणांवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झाले आहे. त्यातील बरेचसे प्राण्यांवरचे आहे. कापराने त्वचेतील थंड-उष्ण जाणिवेच्या चेतातंतूंना चालना मिळते आणि वेदना सौम्य वाटते. हलक्या मर्दनाने स्नायू सैलावतात. याहून मोठा दावा करण्याचे कारण नाही.

मार लागल्यापासून पहिले 48 तास चोळणे आणि शेकणे दोन्ही टाळावे. आत रक्त झिरपत असते, चोळल्याने ते वाढते. या काळात विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि दुखरा अवयव उंच ठेवणे, एवढेच करावे. मलमाची वेळ त्यानंतर येते. जोर-बैठकांना नव्याने सुरुवात करणाऱ्याचे अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येते, तेथे मात्र हे मलम मनापासून उपयोगी पडते. उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ किंवा पुरळ उठलेल्या त्वचेवर ते लावू नये. प्रथम मनगटाच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. दोन वर्षांखालील बालकांना कापूर लावू नये आणि बरणी मुलांच्या हाती लागू देऊ नये. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

सर्वांत मोठी चूक ‘मुका मारच आहे’ असे परस्पर ठरवण्यात होते. अवयव वाकडा दिसत असेल, पायावर भार देता येत नसेल, हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, तर बरणी बाजूला ठेवून क्ष-किरण तपासणी करावी. मोडलेल्या हाडावर प्रेमाने केलेले मर्दन अपायच करते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांना डोक्याला मार लागला, तर वर काही दिसत नसले तरी वैद्यकीय तपासणी अटळ समजावी. मार न लागताच अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर ते रक्ताच्या विकाराचे किंवा डेंग्यूचे लक्षण असू शकते. तेथे मलम लावणे म्हणजे वेळ दवडणे होय.

जुन्या काळच्या जाणत्या स्त्रिया हे ओळखत. कोणाला पाला बांधायचा आणि कोणाला तातडीने वैद्याकडे न्यायचे, हा विवेक त्यांच्या बटव्यातील सर्वांत मौल्यवान जिन्नस होता. कृती शिकली आणि हा विवेक सुटला, तर परंपरेचे कवच तेवढे हाती राहते.

म्हणून प्रत्येक घराने एक वही घालावी. घरातील वडीलधाऱ्या माणसाला स्वयंपाकघरात सन्मानाने बसवावे, त्यांच्या हातून मलम करवून घ्यावे आणि नातवाने शेजारी वजनकाटा घेऊन बसावे. त्यांची ‘मूठभर’ किती ग्रॅम भरते, हे मोजून लिहावे. खाली दोन रकाने आखावेत : कशासाठी वापरावे आणि कधी वापरू नये. आजी सांगेल तेही त्यात येईल आणि डॉक्टर सांगतील तेही. पुढच्या पिढीच्या हाती ही वही देताना कोणाला अंदाजावर विसंबावे लागणार नाही.