सूत्रधाराचा न्याय



व्याख्यानमालेत खेळावर बोलायला वक्ता उभा राहिला, म्हणजे ‘आज जरा सुट्टीच आहे’ असे काहींना वाटेल. पण ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. निवाडा करणाऱ्याने लिहिलेल्या नियमाने चालावे, की प्रसंग पाहून आपल्या बुद्धीला उमगेल तसे चालावे?

खेळ असा. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक सोंग घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो, “पुढे दरी आहे, पूल मोडला आहे.” योद्धा म्हणतो, “मी उडी मारतो.” उडी साधली की नाही, हे फासे आणि नियमांचे पुस्तक ठरविते. पुस्तक जेथे मुके होते तेथे सूत्रधार ठरवितो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ प्रसिद्ध केला. आज पुण्यामुंबईची तरुण मंडळीही तो खेळतात.

त्याचे मूळ मात्र लष्करात आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. खेळणाऱ्याने हुकूम लिहून द्यावा, पंचाने तो नकाशावर अमलात आणावा, आणि किती माणसे पडली हे फासे टाकून कोष्टकात पाहावे, अशी त्याची रीत. पण कोष्टके पाहता पाहता लढाई रेंगाळू लागली. तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने सुचविले, की कोष्टके बाजूला ठेवा. लढाई पाहिलेला पंच सांगेल तो निकाल. खेळ धावू लागला खरा. पण त्याबरोबर तो एका माणसाच्या समजुतीवर आणि निःपक्षपातीपणावर टांगला गेला.

आपल्या तमाशातही या दोन्ही गोष्टी आहेत. गण, गौळण, वग हा क्रम ठरलेला. पण बतावणीत सोंगाड्या समोरची माणसे पाहून आयत्या वेळी बोलतो. क्रम पक्का असतो, म्हणूनच त्याला मोकळे सुटता येते. नियम आणि स्फूर्ती या सवती नव्हेत.

मग भांडण कोठे येते? समजा, महिनोन्‌महिने जपलेले एखाद्याचे पात्र मरणाच्या दारात आहे. सूत्रधार पडद्याआड फासा टाकतो. दान वाईट पडते. त्याला दया येते आणि तो चांगले दान पडल्याचे सांगतो. यात बिघडले काय? माझ्या मते पुष्कळ बिघडले. त्या दिवसापासून कोणाचाही विजय खरा राहत नाही. ज्याने धाडस केले त्याचे धाडसही खोटे ठरते.

पण उलट बाजूही पाहा. कौरवांच्या द्यूतसभेत पण लावले गेले, फासे पडले, हरणारा हरला. स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय, असे द्रौपदीने विचारले, तेव्हा भीष्मांसारखा जाणता ‘धर्माची गती सूक्ष्म आहे’ म्हणून थांबला. विकर्ण बोलला, पण त्याचे कोणी ऐकले नाही. नियम अपुरा पडला, हे दिसत असूनही अधिकारी माणसांनी आपली बुद्धी वापरली नाही, म्हणून ती सभा कलंकित झाली.

यावरून मला एवढेच सांगावयाचे आहे. जो निकाल आपल्याला सोसवणार नाही, त्यासाठी फासा टाकूच नये. “येथे मी माझ्या विचाराने ठरवितो” असे आधी, सर्वांसमक्ष सांगावे. एकदा टाकला, की पडेल ते दान मानावे. विवेकाची जागा फासा पडण्यापूर्वी आहे. नंतर केलेली दया प्रेमळ असली, तरी ती लबाडीच होय.

मंडळी, घरात, शाळेत, पंचायतीत आपणही केव्हा ना केव्हा सूत्रधार होतो. त्या वेळी आपला फासा पडद्याआड पडतो की सर्वांसमोर, एवढे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.