मठाच्या मुदपाकखान्यातील भक्त

येशू एकदा दोन बहिणींच्या घरी उतरला होता, ही लूकच्या शुभवर्तमानातील गोष्ट पुष्कळांना परिचित असेल. मरिया त्याच्या पायांशी बसून त्याचे बोलणे ऐकत राहिली. मार्था मात्र पाहुणचाराच्या धांदलीत होती. शेवटी मार्थेला राहवले नाही. बहिणीने सारे काम आपल्या एकटीवर टाकले आहे, हे तुम्हाला दिसत नाही काय, असे तिने येशूलाच विचारले. तेव्हा येशूने मरियेची बाजू घेतली. तिने निवडलेला वाटा अधिक चांगला आहे, असे सांगितले. गोष्ट येथे संपते. त्या दिवशी जेवण अखेर कोणी रांधले, याचा उल्लेख लूकने केलेला नाही.

या छोट्याशा प्रसंगावरून ख्रिस्ती विचारवंतांनी शतकानुशतके अर्थ काढले. ध्यान श्रेष्ठ, कर्म कनिष्ठ. मठातील एकांत हा मरियेचा मार्ग, संसार हा मार्थेचा. अशी विभागणी रूढ झाली. परंतु ज्यांना जन्मभर मार्थेचेच काम करावे लागते त्यांनी काय करावे? थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना पौलाने तर प्रार्थनेत खंड पडू देऊ नये असे सांगून ठेवले आहे. ज्याच्या हातात झारा आहे, ज्याच्या चुलीवर दहा जणांचे अन्न करपण्याच्या बेतात आहे, त्याने हा उपदेश पाळावयाचा कसा? ख्रिस्ती माणसाने ईश्वरभक्तीत जगावे म्हणजे रविवारी उपासनेला जावे, आज्ञा पाळाव्यात, दानधर्म करावा, हे उत्तर खरे आहे. पण त्या उत्तराने आठवड्यातील बहुतेक तास मोकळेच राहतात. त्या तासांचे उत्तर सतराव्या शतकात पॅरिसमधील एका लंगड्या स्वयंपाक्याने दिले.

त्याचे मूळ नाव निकोला एर्मां. लोरेन प्रांतातील एका खेड्यात 1614 च्या सुमारास तो जन्मला. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. वयाच्या अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, त्याने एक निष्पर्ण झाड पाहिले. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले येतील, मग फळे धरतील, एवढाच विचार त्याच्या मनात आला. पण त्या विचाराबरोबर ईश्वराच्या सामर्थ्याची आणि कृपेची जी जाणीव त्याला झाली ती पुन्हा कधी पुसली गेली नाही. पुढे चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावरही, त्या दिवशीच्या प्रेमात तेव्हापासून काही भर पडली आहे की नाही हे आपल्याला सांगता येणार नाही, असे तो म्हणत असे.

एवढा साक्षात्कार झाल्यावर माणसाने थेट मठाची वाट धरावी, अशी आपली अपेक्षा असते. निकोला सैन्यात गेला. युरोपात तेव्हा तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते. जर्मन सैनिकांनी त्याला हेर समजून पकडले, फाशीची धमकी दिली आणि अखेर सोडून दिले. 1635 मध्ये रांबेरव्हिलेर येथील लढाईत तो जखमी झाला आणि जन्माचा अधू होऊन परतला. मग एका सद्‌गृहस्थाबरोबर एकांतवासाचा प्रयोग त्याने करून पाहिला. मन स्थिर नसल्याने तोही फसला. नंतर तो पॅरिसमध्ये एका बड्या अधिकाऱ्याचा हुजऱ्या झाला. आपण अतिशय वेंधळे होतो आणि हाताला लागेल ती वस्तू फोडीत होतो, अशी त्या नोकरीची आठवण त्यानेच सांगितली आहे.

1640 मध्ये तो पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरील अनवाणी कार्मेलाइट संघाच्या मठात दाखल झाला. अविलाच्या संत तेरेसाने सोळाव्या शतकात स्पेनमध्ये सुधारलेला हा संघ. त्या काळी गोव्यातही त्याचा एक मठ होता. तेथे निकोलाचा ‘पुनरुत्थानाचा बंधू लॉरेन्स’ झाला. बंधू म्हणजे धर्मगुरू नव्हे. त्याला वेदीपाशी विधी करण्याचा अधिकार नाही, प्रवचनाचा नाही. मठातील अंगमेहनतीची कामे करणे हा त्याचा वाटा. आपला धांदरटपणा पाहून येथील लोक आपल्याला चांगलेच सोलून काढतील आणि त्या यातना आपण देवाला अर्पण करू, या हिशेबाने तो आला होता. पण येथे समाधानाखेरीज काहीच वाट्याला आले नाही, देवाने आपल्याला चांगले फसविले, असे तो हसत सांगे.

त्याला स्वयंपाकघर दिले गेले. या कामाची त्याला उपजत नावड होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आवडीच्या कामात देव सापडणे फारसे अवघड नसते. लॉरेन्सने सुमारे पंधरा वर्षे नावडत्या कामात त्याचा शोध घेतला. त्याची रीत सांगावयास सोपी आहे. काम हाती घेण्यापूर्वी तो देवाशी चार शब्द बोले: हे काम तुझ्या आज्ञेने करावयाचे आहे, तेव्हा ते करीत असता तुझ्यापासून दूर जाऊ नये एवढी कृपा कर. काम चालू असता मधूनमधून मन तिकडे वळवी. काम संपल्यावर ते कसे झाले याची झडती घेई. बरे झाले असेल तर आभार मानी. चुकले असेल तर क्षमा मागे आणि त्या चुकीचा घोळ घालीत न बसता पुढच्या कामाला लागे. तू मला माझ्या भरवशावर सोडलेस तर माझ्या हातून असेच होणार, असे तो देवाला सरळ सांगून टाकी. तव्यावरचे ऑम्लेट उलटावयाचे तेही देवाच्या प्रेमाखातर, आणि जमिनीवर पडलेली काडी उचलावयाची तीही त्याच कारणाने. प्रार्थनेची नेमलेली वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला भेद उरला नाही. भांड्यांच्या खणखणाटात आणि चार जण चार गोष्टी एकदम मागत असताही, गुडघे टेकलेले असावे तितक्याच शांतपणे देव आपल्याला लाभतो, असे त्याचे म्हणणे होते.

मराठी मनाला यात नवल वाटणार नाही. लॉरेन्स मठात शिरला त्या सुमारास इकडे देहूला तुकोबा कीर्तन करीत होते. त्यांच्या कितीतरी आधी सावता माळ्याने आपल्या मळ्यात, गोरोबांनी चिखल तुडविताना आणि जनाबाईने जात्यावर विठ्ठलाला बोलावून घेतले होते. निष्काम कर्माची आठवणही येथे होईल, आणि ती गैर नाही. मात्र लॉरेन्सचा रोख थोडा निराळा आहे. फळाविषयी उदासीन होऊन कर्म करावे, एवढेच त्याला म्हणावयाचे नाही. समोर कोणीतरी आहे, ते आपल्यावर प्रेम करते, त्याला बरे वाटावे म्हणून ही काडी उचलावयाची, असा तो व्यवहार आहे. ख्रिस्ती भक्तीतील देव मनुष्यदेह धारण करून सुताराच्या घरी वाढला आहे. त्याला स्वयंपाकघरात बोलावताना संकोच वाटण्याचे कारण नाही. मठवासिनींना उपदेश करताना तेरेसानेही प्रभू भांड्याकुंड्यांतून वावरत असतो, अशा अर्थाचे लिहिले होतेच.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. राबणाऱ्या माणसाला ‘कामातच देव पाहा’ असे सांगणे धन्याला फार सोयीचे असते, आणि त्या सोयीपायी या शिकवणीचा गैरवापर झालाच नसेल असे म्हणवत नाही. लॉरेन्सचे बोलणे खरे वाटते, कारण तो ते चुलीपाशी उभा राहून बोलतो. दुसऱ्याला चुलीपाशी बसविण्यासाठी बोलत नाही.

शिवाय हे समाधान त्याला फुकट मिळाले नव्हते. मठातील पहिली दहा वर्षे आपण फार सोसले, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. पूर्वीची पापे डोळ्यांपुढे उभी राहत. माणसे, स्वतःची बुद्धी, खुद्द देवसुद्धा आपल्या विरुद्ध आहे असे वाटे. त्यातील चार वर्षे तर आपला सर्वनाश ठरलेला आहे, आपण नरकातच जाणार, या समजुतीने त्याला ग्रासले होते. जगातील साऱ्या माणसांनी समजूत घातली असती तरी ती गेली नसती, असे तो म्हणे. ज्या धर्मात तारणाची आशा हा जीवनाचा कणा, त्या धर्मातील एका भाविकाने चार वर्षे तारणाची आशा न धरता काढावी, ही अवस्था किती भयंकर असेल याची कल्पना करावी. येथून माणूस एकतर भक्ती सोडतो, नाहीतर व्रते आणि उपासतापास वाढवून देवाशी सौदा करू पाहतो. लॉरेन्सने दोन्ही केले नाही. आपण या मठात आलो ते देवाच्या प्रेमाखातर. तेव्हा तारण होवो अथवा न होवो, मरेपर्यंत जे हातून होईल ते त्याच्या प्रेमाखातरच करीत राहावे. निदान एवढे तरी आपल्या पदरी राहील, असा विचार त्याने केला. हिशेबाची वही त्याने मिटून टाकली. त्यानंतर कधीतरी, त्याला स्वतःलाही नीट न कळता, ती व्यथा गेली आणि तिच्या जागी एक खोल शांती आली.

मठातील वरिष्ठांना मात्र त्याच्या शांतीपेक्षा द्राक्षमद्याची निकड अधिक असे. खरेदीसाठी त्याला एका वर्षी ओव्हेर्नला आणि पुढच्या वर्षी बर्गंडीला पाठविण्यात आले. व्यवहाराची अक्कल नाही, पाय अधू; होडीत इकडून तिकडे जावयाचे तर पिंपांवरून लोळत जावे लागे. तरी त्याला मालाची काळजी वाटली नाही, स्वतःचीही नाही. हे काम तुझे आहे, असे त्याने देवाला सांगितले, आणि काम नीट पार पडल्याचे त्याला दिसून आले. ते कसे पार पडले, हे मात्र त्याला उमगले नाही. पुढे पायाचे दुखणे वाढले तेव्हा त्याला बसून करावयाचे काम मिळाले: वहाणा दुरुस्त करण्याचे. अनवाणी म्हणविणाऱ्या संघाचे लोक वहाणा घालीत असत, आणि त्या झिजतही असत.

3 ऑगस्ट 1666 रोजी जोसेफ द बोफोर नावाचे एक धर्मगुरू या बंधूला प्रथम भेटले. पुढच्या सव्वा वर्षात आणखी तीन भेटी झाल्या, आणि बोफोर यांनी चारही संभाषणांची टिपणे करून ठेवली. लॉरेन्सची पत्रेही त्यांनी मिळविली. त्या पत्रांतून तो ज्यांना सल्ला देतो ती साधी माणसे आहेत. प्रार्थनेत मन भटकते अशी तक्रार करणाऱ्याला तो सांगतो की, मनाशी झटापट करू नये. श्रीमंताच्या दारात मुका, पांगळा भिकारी बसतो तसे देवापुढे बसून राहावे. एका सैनिकाविषयी लिहिताना तो म्हणतो की, कूच चालू असता, हाती तलवार असतानाही क्षणभर केलेले स्मरण देवाला पोचते. दीर्घ प्रार्थनेचा आग्रह त्यात कोठेही नाही.

फेनलाँसारखा विद्वान धर्मोपदेशक या अल्पशिक्षित बंधूच्या भेटीला गेला होता. लॉरेन्स तेव्हा फार आजारी होता आणि अत्यंत आनंदात होता, असे त्याने नमूद केले आहे. 12 फेब्रुवारी 1691 रोजी लॉरेन्स वारला. पुढच्याच वर्षी बोफोर यांनी त्याची पत्रे आणि वचने छापली. संभाषणे 1694 मध्ये आली. पण त्याच दशकात, आत्म्याने देवापुढे केवळ निष्क्रिय राहावे की काय या प्रश्नावर फ्रान्समध्ये मोठा वाद पेटला. फेनलाँने त्या वादात लॉरेन्सचा आधार घेतला, आणि 1699 मध्ये फेनलाँच्या ग्रंथातील काही विधाने पोपने दोषास्पद ठरविली, तेव्हा लॉरेन्सच्या नावावरही संशयाची छाया पडली. चूल आणि वहाणा यांत आयुष्य घालविलेल्या माणसाचे नाव निष्क्रियतेच्या वादात गोवले जावे, हा दैवदुर्विलासच. त्याचे पुस्तक मायदेशात मागे पडले आणि प्रॉटेस्टंट वाचकांनी ते उचलून धरले. इंग्लंडात जॉन वेस्लीने आपल्या ग्रंथमालेत त्याच्या पत्रांना जागा दिली. आज दोन्ही पंथांचे लोक ते वाचतात. व्होजिरार रस्त्यावरील मठाचे चर्चही उभे आहे.

आपल्या साधनेविषयी लिहावयास लॉरेन्स मुळीच राजी नसे. एका व्यक्तीच्या फारच आग्रहावरून त्याने आपली रीत कागदावर उतरविली, तेव्हा अट घातली की, हे पत्र कोणालाही दाखवू नये. कोणाला दाखवाल असे कळते तर लिहिलेच नसते. ते पत्रही त्या पुस्तकात आहे.